तिसऱ्या ओळीतली जागा

गुरुवारी यायला जमेल का, तुम्मासनं विचारलं होतं,
मासे सुकवायच्या खोलीच्या दारात, हातात सुरी तशीच.
तासभर. पियानो उघडाच आहे.
रानवा गेल्यापासून त्यावर फक्त टपाल साठतं.

मी म्हटलं, बघते.
शाळेत बावीस मुलं, स्नेहसंमेलन, घरी आजारी कुत्रा.
‘बघते’ या शब्दात किती सोय असते.
आणि शनिवारी त्याच्या जुन्या संगणकावर
टाकून दिलं ते सॉफ्टवेअर.
तुम्ही नुसतं गा. साथ ते करेल.

सोपं आहे. लाल ठिपका दाबायचा, गायचं,
पुन्हा दाबायचा. मग ते ऐकलेलं चाळतं,
सुरांची मोजदाद करतं आणि खाली कॉर्ड मांडून देतं,
शाळेच्या डब्यात पावाचे काप रचावेत तशा.
वर एक सरकपट्टी:
डावीकडे उदास, उजवीकडे आनंदी.
‘ही कुठे ठेवू?’ त्यानं विचारलं.
मी मध्यावर ठेवली आणि कोट चढवला.

तो गातो ते चर्चमधलं जुनं गाणं,
आजोबांच्या होडीत, वल्ह्यावर बसून शिकलेलं.
एका सुरावरून दुसऱ्यावर तो पायऱ्यांनी जात नाही.
ओल्या गवतावरून मेंढी उतरते तसा जातो,
घसरत, थांबत, मध्येच समुद्राकडे बघत.
यंत्राला त्या एका घसरणीत सात सूर दिसले.
सातांनाही त्यानं कॉर्ड वाढली.
कुणाला उपाशी ठेवलं नाही.

फाईली येत राहिल्या मला. पहिली, दुसरी, अकरावी.
ऐकल्या नाहीत. अंगठा तेवढा पाठवला.

बारावी उघडली, कारण तिचं नाव होतं ‘किटली’.
गाणं संपलेलं. खुर्ची सरकली.
खोकला. खोकल्याला कॉर्ड.
मग स्वयंपाकघरातून किटलीची शिट्टी, चढत चढत,
आणि यंत्र तिच्यामागे इमानेइतबारे धावतंय,
एकेक मायनर कॉर्ड टाकत,
जणू पाण्याला उकळताना फार दुःख होतं.
आणि तुम्मास हसतोय.
मधे एकच भिंत, तरी हे हसू
फेब्रुवारीपासून माझ्या कानावर आलं नव्हतं.
त्यालाही शेवटी एक कॉर्ड मिळाली,
मेजर, जरा उशिरा.

गुरुवार नव्हता. मंगळवार होता.
वाऱ्यामुळे कालसोयची फेरी रद्द, वर्ग अर्धा रिकामा.
मी गेले. पियानोवरचं टपाल उचलून खिडकीत ठेवलं:
विजेचं बिल, चर्चचं पत्रक, तिच्या नावे आलेली
चष्म्याच्या दुकानाची आठवण.
गा, म्हटलं.

पहिली ओळ. दुसरी. बोटं आपसूक पडत होती.
वीस वर्षं मुलांना हेच तर शिकवलं,
हा सूर आला की ही कॉर्ड.
तिसऱ्या ओळीच्या मध्यावर तो थांबला.
‘तेपण इथे हेच वाजवतं.’
तक्रार नव्हती. हवामान सांगावं तसं म्हणाला.

मग रानवा काय वाजवायची?

‘काही नाही.
इथे ती हात उचलायची.
मला चाळीस वर्षं वाटत होतं,
चष्मा सारखा करते.’

पुन्हा पहिल्यापासून.
तिसरी ओळ आली. मी हात उचलले.
आणि तो एकटाच गेला त्या जागेवरून,
घसरत, थांबत, पलीकडे काय आहे ते न बघता,
आणि केवढी लांब होती ती जागा,
वारा आत येऊन बाहेर जाईल एवढी.
माझे हात हवेत.
मला चष्माही नाही.